तीन नोकऱ्यांची नोरीन

नोरीन ओल्डरॉइडचं नाक मी मोडलं. मुद्दाम नाही. पण नाक मोडणाऱ्याचा हेतू कुणी विचारत बसत नाही, हे मला त्याच मिनिटाला कळलं.

झालं असं, की आमच्या हेकमनथॉर्प कामगार क्लबात तळघर सांभाळणारा माणूस मनगट मोडून घरी बसला होता. कारण अर्थातच रग्बी, आमच्या गावात मनगट दुसऱ्या कशाने मोडत नाही. त्यामुळे बिअरचं पिंप वर आणायचं काम सचिवाच्या गळ्यात पडलं. सचिव म्हणजे मी, विल्फ सगडन. वय एकाहत्तर, अक्कल त्या मानाने लहान. पिंप ढकलगाडीवर घातलं, चढावर जोर पाहिजे म्हणून लांबून धावत आलो, आणि दार हाताने उघडायचं ते पिंपाने उघडलं. दाराच्या पलीकडे नोरीन गुडघ्यांवर बसून पितळी मूठ घासत होती.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

नोरीन उठली. नाकाखालचा सगळा चेहरा लाल झाला होता आणि हनुवटीवरून रक्ताची धार ॲप्रनवर पडत होती. तिने आधी पिंप तपासलं. ते फुटलं नाही याची खात्री करून घेतली. मग माझ्या कानाखाली अशी एक ठेवून दिली, की मी त्याच पिंपावर बसलो आणि मला दिवसाढवळ्या काजवे दिसले. तेवढं झाल्यावर ती दारूच्या काउंटरमागच्या आरशापुढे गेली, दोन्ही अंगठे नाकाच्या दोन बाजूंना लावले आणि 'कट्' असा आवाज करून नाक जाग्यावर बसवलं. डोळ्यांतून पाणी तेवढं आलं.

"नोरीन, दवाखान्यात चल."

"फरशी ओली आहे. तू हलू नकोस, पाय उमटतील."

आपलं रक्त तिने आपल्याच हाताने पुसलं. पुसून होईपर्यंत साडेअकरा वाजून गेले. तिची वेळ साडेअकरापर्यंतची. मला वाटलं, निदान इथे तरी माणुसकी दाखवावी. मी हजेरीची वही उघडली.

"सहा मिनिटं जास्त झाली. लिहितो."

ती फडक्याचा दांडा घेऊन गर्रकन वळली. "लिहू नकोस, विल्फ्या! रेषा ओलांडली तर स्टॅम्प कापतील!"

स्टॅम्प म्हणजे राष्ट्रीय विम्याची वर्गणी. आमच्या आईबापांच्या वेळी मालक दर आठवड्याला कामगाराच्या कार्डावर खरोखरीचं तिकीट चिकटवायचा. तिकिटं गेली, कार्डं गेली, गिरण्याही गेल्या, शब्द तेवढा उरला. त्या वर्गणीची वर्षं साठतात आणि म्हातारपणी त्या वर्षांवर पेन्शन मिळतं. पण एखाद्या नोकरीत आठवड्याची कमाई ठरावीक रेषेच्या खाली असेल, तर त्या नोकरीत वर्गणी नाही. आमच्याकडे आई मुलीला लग्नात दोन गोष्टी सांगते: खिमा मंद आचेवर शिजव, आणि छोटी नोकरी धरलीस तर रेषेखाली राहा.

नोरीनला रेषेखाली ठेवायचं काम एकोणीस वर्षं मी केलं. सरकारने पगाराचा दर वाढवला की मी तिची पंधरा मिनिटं कापायचो. दर एप्रिलला पेन्सिल घेऊन बसायचो आणि रेषेपासून पाच पौंड खाली तिला अलगद आणून ठेवायचो, झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवतात तसं. मला ती माझी कामगिरी वाटायची. तिलाही वाटायची. दर नाताळात ती मला मैद्याच्या पारीत डुकराचं मांस भरून घरी भाजलेला पोर्क-पाय आणून द्यायची. "एक पेनी कापू दिली नाहीस हो," म्हणायची.

अशा तिच्या तीन नोकऱ्या होत्या, तिन्ही रेषेखाली.

पहिली पहाटेची, कत्तलखान्यात. आदल्या दिवसाचं रक्त तोवर फरशीवर साकळून काळं पडलेलं असतं. ते गरम पाण्याच्या नळीने उडवायचं आणि आकड्यांवर राहिलेले तुकडे काढायचे. एका पहाटे मागच्या वाड्यात एक बैल शिल्लक राहिला होता. त्याला आपलं भविष्य कळलं असावं. त्याने फाटक तोडलं आणि पहारेकऱ्याच्या मांडीत शिंग घातलं. नोरीनने नळी फिरवली ती थेट बैलाच्या डोळ्यांत. बैल भिंतीवर आपटला, घसरला, पुन्हा उठला, पुन्हा तिने नळी धरली. असं तीनदा. मग त्याला कोंडून तिने ॲप्रनची नाडी पहारेकऱ्याच्या मांडीला आवळली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेत मूठ घालून बसून राहिली. माणूस वाचला. मालकाने नोरीनला बक्षीस म्हणून बैलाची दोन्ही मूत्रपिंडं दिली. त्याच बैलाची.

दुसरी नोकरी आमच्या क्लबात. रोज सकाळी फरशी, आणि शनिवारी सामन्याला बादली-स्पंज. आमच्या रग्बी संघाला डॉक्टर नाही, नोरीन आहे. खांदा निखळलेला खेळाडू मैदानावर ओरडत असतो. ही बादली घेऊन डुलत डुलत जाते, त्याच्या काखेत बूट लावते आणि म्हणते, "बायकोचं नाव काय रे तुझ्या?" तो नाव आठवेपर्यंत खांदा बसलेला असतो. एकदा पाहुण्या संघातल्या एका सव्वाशे किलोच्या गड्याने आमच्या पोराचा कान चावला. पंचाने पाहिलं नाही. नोरीनने पाहिलं. पाण्याने भरलेली बादली त्याच्या डोक्यावर उलटी घातली आणि वरून लाकडी पट्टीने हाणली. तो गडी नंतर क्लबात येऊन तिच्यासाठी अर्धा पिंट बिअर ठेवून गेला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

तिसरी नोकरी शाळेत, जेवणाच्या सुट्टीत पोरं सांभाळण्याची. तिन्हींत धोक्याची कुठली, विचारलं तर ती बाही वर करून दातांच्या खुणा दाखवते. त्यांतली एकही बैलाची नाही.

या तिन्हींच्या मधल्या वेळात ती नात सांभाळते. सकाळी साडेसहा ते शाळा भरेपर्यंत, आणि शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत. नातीचं नाव मेझी, वय नऊ. मेझीची आई केरी म्हणजे नोरीनची एकुलती एक मुलगी. केरी बस चालवते. आणि या दोघी मायलेकी तीन वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आता क्लिफर्डबद्दल सांगायला हवं. मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

क्लिफर्ड म्हणजे नोरीनचा नवरा. आमच्या संघाने आयुष्यात एकच मोठा करंडक जिंकला, तेव्हाचा कप्तान. त्याचा करंडक घेतलेला फोटो काउंटरच्या वर होता. क्लिफर्ड मैदानावर ऐंशी मिनिटं मार खायचा आणि उरलेला आठवडा तो घरी परत करायचा. हाताचा हिशेबी माणूस होता, कपड्यांखाली मारायचा. नोरीन लग्नाआधी घोंगड्यांच्या गिरणीत होती. लग्नानंतर त्याने गिरणी सोडायला लावली. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गावाला माहीत असणं आणि गावाने काही करणं, यांच्यामध्ये फार मोठं मैदान असतं आणि त्यावर आम्ही सगळे प्रेक्षक होतो. मी स्वतः त्याला पिंट पाजलेत.

केरी सोळा वर्षांची झाली आणि शाळेतून बाहेर पडली, त्या आठवड्यात एका दुपारी क्लिफर्डने हात उगारला आणि नोरीनने शेकोटीतली सळई उचलली. पहिल्या घावात त्याच्या गळ्याखालच्या हाडाचे दोन तुकडे झाले. दुसऱ्यात कोपर. ती मारत असताना ओरडत नव्हती, असं शेजारीण सांगते. नुसता सळईचा आणि त्याचा आवाज. मग दार उघडून म्हणाली, "निघ." तो निघाला. पोलिसांना त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. एवढी वर्षं ती हेच सांगत आली होती, आता त्याची पाळी.

पण केरी बापाची लाडकी. तो पुढच्या गावात दुसरीकडे राहायला गेला तरी ती दर रविवारी जायची. तिला काही माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला माहीत करून घ्यायचं नव्हतं. बाप तिला सांगायचा, "तुझ्या नावाचा सरकारी भत्ता यायचा ना, तो तुझी आई बिंगोत उडवायची. म्हणून तुला कधी सहलीला जाता आलं नाही." केरीने ते मनात पक्कं धरून ठेवलं होतं. सहल चुकल्याचं दुःख फार दिवस टिकतं.

तीन वर्षांपूर्वी क्लिफर्ड गेला. दफनानंतरचा चहा आमच्याच क्लबात होता. थंड हॅम, बीटरूट, चहा, नेहमीचं. वाढायला नोरीन, कारण ते तिचं काम होतं. केरी बोलायला उभी राहिली. म्हणाली, "माझे बाबा कधी कुणावर हात उगारणारे नव्हते."

नोरीन हसली. एकदाच, नाकातून.

केरीने समोरची चहाची किटली उचलून आईवर फेकली. भरलेली. नोरीनची मान भाजली, कातडी सोलून लोंबायला लागली. नोरीनने टेबल ओलांडून तिच्या एक मुस्काटात दिली आणि केरी हॅमच्या ताटासकट खाली गेली. मग दोघींना ओढून वेगळं करताना आम्हा चौघांना लागलं ते वेगळंच. पाद्रीबाबांचा चष्मा गेला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला केरी नोरीनच्या फाटकाशी पोर घेऊन हजर! सहा पन्नासला तिची बस सुटते. नोरीनने मानेला फडकं गुंडाळून फाटक उघडलं, पोर आत घेतली, फाटक लावलं. शब्द नाही, नजर नाही. तीन वर्षं रोज असंच. भांडण भांडणाच्या जागी, बस बसच्या जागी.

तर, मी नाक मोडलं ते सप्टेंबरात. ऑक्टोबरात नोरीन एक पाकीट घेऊन माझ्यापुढे आली. नाक बरं झालं होतं, थोडं डावीकडे बघत होतं. फेब्रुवारीत तिला सहासष्ट पुरी होणार, म्हणजे पेन्शनचं वय.

"वाच. तुझ्याकडे चष्मा आहे."

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय म्हणतात?"

"तुझी आठ वर्षं भरलीत म्हणतात."

"कसली आठ?"

"गिरणीतली आठ. दहा भरली तर थोडंफार पेन्शन सुरू होतं. दहाच्या आत... काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"म्हणजे काही नाही, नोरीन."

"मी पहाटे चारला उठते रे," ती म्हणाली. नुसतं एवढंच. मग, "भीक मागायला जाणार नाही मी. ते सरकारी मदत देणारे खिडकीमागे बसून घरात किती खुर्च्या आहेत विचारतात. माझ्या आईला विचारल्या होत्या. त्यापेक्षा बैलाच्या शिंगावर जाईन."

"काही वर्षं पैसे भरून विकत मिळतात म्हणतात. एकेका वर्षाला नऊशेच्या वर पौंड."

"वर्षं विकतात?" ती म्हणाली. "मग मी विकली ती कुणी घेतली?"

शहरातल्या ग्रंथालयात दर मंगळवारी फुकट सल्ला देणारी एक बाई बसते. मी नोरीनचं पाकीट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो.

"तीन नोकऱ्या?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"प्रत्येकीत रेषेच्या खाली?"

"हो. आम्ही काळजी घेतली."

"कुणी काळजी घेतली?"

मला खोकला आला.

बाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या. "ही खालची रेषा, ही वरची. वरच्या रेषेच्या वर गेलं की पगारातून वर्गणी कापतात. दोन्हींच्या मध्ये असलं की एक पेनीही कापत नाहीत आणि वर्ष मात्र भरल्याचं धरतात."

"न कापता?"

"न कापता. फुकट. यांना एका नोकरीत आठवड्याला पाचसहा पौंड जास्त मिळाले असते, तर एवढी सगळी वर्षं धरली गेली असती."

"पण पूर्वी तर रेषा ओलांडली की लगेच..."

"पूर्वी एकच रेषा होती. बदलून पंचवीस वर्षं होऊन गेली, सगडनसाहेब."

"आणि तिन्ही नोकऱ्या मिळून?"

"मिळवून धरत नाहीत. प्रत्येक वेगळी." बाईंनी पेन ठेवलं. "कुठल्या गाढवाने यांना एकोणीस वर्षं नेमकं रेषेखाली ठेवलं कोण जाणे!"

"असतात अशी माणसं," मी म्हणालो.

रिकाम्या वर्षांवरून बोट फिरवता फिरवता बाई थांबल्या. "मुलगी आहे ना यांना? मग ही सोळा वर्षं रिकामी कशी? मुलाचा भत्ता आई घेत असेल, तर तेवढी वर्षं तिच्या नावावर आपोआप भरतात. म्हणजे भत्ता दुसरंच कुणीतरी घेत होतं."

मला क्लिफर्डच्या मागच्या खिशातलं भत्त्याचं पिवळं पुस्तक आठवलं. त्याच पुस्तकावर मिळालेल्या पैशांतून त्याने मला पाजलं होतं आणि मी प्यालो होतो.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "आई नोकरी करते आणि आजी नातीला सांभाळते, असं असेल, तर आईला नोकरीतून तिचं वर्ष मिळालेलंच असतं. भत्त्याबरोबर येणारं वर्ष नुसतं पडून राहतं. ते आजीच्या नावावर करता येतं. मागचीही मिळतात, पोर बारा वर्षांची होईपर्यंत. इथे सात तरी निघतील. फक्त मुलीची सही लागते."

"मुलीची?"

"हो. का? आहे ना संबंध?"

"रोज भेटतात," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

परतीची बस नेमकी केरीची. मी पुढे जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी माझ्या डोळ्यांसमोरच होती.

"केरी बाळा, शनिवारी दोन वाजता क्लबात येशील? मेझीच्या बाबतीत एक कागद आहे, सही पाहिजे."

"विल्फकाका, तुम्हाला उतरायचंय की मरायचंय?"

"पाच मिनिटांचं काम आहे गं."

"आई असेल."

"ती मैदानावर असते, बादली घेऊन." हे मात्र अर्धं खोटं होतं, आणि केरीने इतक्या जोरात ब्रेक मारला की मागची एक बाई कांद्यांसकट पुढे आली.

शनिवारी सामना पेटलेला होता. पहिल्या वीस मिनिटांत दोघांना बाहेर काढलं होतं, एकाचे पुढचे दात गवतात होते आणि पोरं ते शोधत होती. दोन वाजता केरीने बस क्लबच्या दारातच लावली. आत नऊ उतारू बसले होते, त्यांना म्हणाली, "पाच मिनिटं." मी काउंटरवर कागद मांडून ठेवले होते. फॉर्म, आणि पुरावा म्हणून नोरीनच्या वर्षांचा तक्ता.

केरीने फॉर्म वाचला. "हा मेझीचा नाही. हा तिचा आहे."

"मेझीमुळेच मिळतंय ते. तुझं काही जात नाही, बाळा. पडून आहेत ती वर्षं."

"मला फसवून आणलंत."

"आणलं."

तेवढ्यात मागच्या दाराने नोरीन आत आली. बादलीतलं पाणी लाल झालं होतं, ते बदलायला. ती केरीला बघून थांबली, केरी तिला बघून. बाहेर मैदानावर कुणीतरी कुणालातरी हाणलं आणि शे-दीडशे माणसं ओरडली.

"तिला सांगा, विल्फकाका," केरी म्हणाली, "बाबांच्या चहाला हसल्याबद्दल माफी माग म्हणावं. लगेच सही करते."

"तिला सांग, विल्फ्या," नोरीन म्हणाली, "सही नको."

"अगं, फेब्रुवारीपासून खाशील काय?" मी ओरडलो. "खुर्च्या मोजायला येतील ना तुझ्या!"

नोरीन बादली ओतायला वळली. केरीने तेवढ्यात तक्ता हातात घेतला होता. ती स्वतः मेझीचा भत्ता घेते, असले कागद तिला माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. तिचं बोट एका जागी थांबलं.

"ही सोळा रिकामी का? माझ्या जन्मापासून... भत्ता घेतला की ही भरतात. माझी भरलीत."

मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"विल्फकाका, भत्ता कोण घेत होतं?"

"पुस्तक... त्याच्या खिशात असायचं."

"ते तर म्हणायचे, आई बिंगो..."

"तुझी आई बिंगोला कधी गेलीच नाही, केरी. मीच नंबर पुकारायचो. मला माहीत असतं."

केरीने मान वर केली. वर क्लिफर्ड करंडक घेऊन हसत होता. ती काउंटरच्या दांडीवर चढली आणि उजव्या मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. काच फुटली. पुन्हा मारलं. पुन्हा. काचेचे तुकडे तिच्या बोटांत घुसत होते आणि ती मारत होती, चौकट भिंतीवरून सुटून खाली पडली तर खाली उतरून बुटाने मारत होती. रक्त काउंटरवर, ग्लासांवर, माझ्या सदऱ्यावर उडालं. ती जे शब्द वापरत होती ते कामगार क्लबातही सहसा ऐकू येत नाहीत. चौकटीचं लाकूड तुटून तुकडे झाले, फोटोतल्या करंडकाचे दोन भाग झाले, आणि शेवटी मारायला काही उरलं नाही तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"आणि ही? ही मागची एकोणीस? ही कुणी खाल्ली?"

"ती मी," मी म्हणालो. "रेषेखाली ठेवलं तिला. तिचं भलं होतंय असं समजून. पाच पौंड जास्त दिले असते तर फुकट भरली असती. मला माहीत नव्हतं गं."

हे नोरीनला मी तोवर सांगितलं नव्हतं. चार दिवस हिंमत झाली नव्हती. केरीची रक्ताळलेली मूठ माझ्या जबड्यावर आली तेव्हा मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. एक दाढ गेली. दाढ माझी तशीही हलत होती.

मी फरशीवरून पाहिलं तर नोरीन केरीजवळ उभी होती. तीन वर्षांनी ती लेकीशी पहिला शब्द बोलली.

"हात वर धर. छातीच्या वर. रक्त थांबेल."

केरीने हात वर धरला, शाळेतल्या पोरीसारखा. नोरीनने चिमट्याने एकेक काच काढली. मोठा तुकडा निघताना केरी किंचाळली तेव्हा नोरीन म्हणाली, "पोरीचं नाव काय गं तुझ्या?"

"मेझी," केरी म्हणाली आणि रडायला लागली.

नोरीनने पट्टी बांधली. शेवटची गाठ मारताना ती एक क्षणभर माझ्याकडे बघत होती आणि गाठ इतकी आवळली की केरी म्हणाली, "आई, हळू!"

दारात उतारूंपैकी एक म्हातारबुवा टोपी हातात घेऊन उभे होते. ते कधीपासून होते देव जाणे. "बाई, घाई नाही," ते म्हणाले, "पण बस आज सुटणार आहे का?"

"सही राहिलीय," केरी म्हणाली. पेन डाव्या हातात धरून तिने एकापाठोपाठ सात वर्षांच्या सह्या केल्या, कोंबडीने माती उकरावी तशा. कागदावर एक लाल ठसा उमटला. नोरीनने फडक्याने टिपायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. मग केरीने डाव्या हाताने गियर टाकत बस नेली, आणि नोरीन ताजं पाणी भरून मैदानावर गेली. मध्यंतर संपलं होतं.

मी फॉर्मबरोबर एक चिठ्ठी जोडली: सही करणारीचा उजवा हात जखमी असून डाग तिचाच आहे. वर्षाअखेर नाताळ आला. त्या नाताळात पोर्क-पाय आला नाही.

नोरीनचं काम मी आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवलं, म्हणजे ती खालच्या रेषेच्या वर गेली. ती अर्धा तास जास्त पुसत राहिली. सकाळी साडेसहाला फाटकाशी आता मायलेकी बोलतात, असं शेजारीण सांगते. बोलतात म्हणजे भांडतात. मेझीच्या मोज्यांवरून, डब्यावरून. एकदा केरीने रागाने फाटकाला लाथ मारली, ते बिजागरीसकट निघालं.

फेब्रुवारीत पाकीट आलं. नोरीनने ते माझ्यापुढे टाकलं, "वाच." मी वाचलं. आठ आणि सात, पंधरा. पूर्ण पेन्शन नव्हे, निम्म्याच्या आतच. पण कुणाच्या खिडकीपुढे उभं न राहता, दर महिन्याला, मरेपर्यंत. तिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या करून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि फडकं पिळायला घेतलं. तिच्या मनगटांची पकड अशी, की फडक्यात थेंब उरत नाही.

मी चार महिने एक वाक्य जुळवत होतो. आता बोललो नाही तर कधी, असं वाटलं.

"नोरीन," मी म्हणालो, "त्या एकोणीस वर्षांबद्दल मला माफ केलंस ना?"

"क्लिफर्डला नाही केलं, तर तू कोण लागून गेलास?"